हरकतीची मुदत

२० डिसेंबर २०१३. नागपूरच्या विधानभवनात हिवाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. कुलाब्याच्या समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या ‘आदर्श’ या एकतीस मजली इमारतीचा चौकशी अहवाल त्या दिवशी सभागृहासमोर ठेवला गेला. निवृत्त न्यायमूर्ती जे. ए. पाटील आणि माजी मुख्य सचिव पी. सुब्रह्मण्यम यांच्या आयोगाचा हा अहवाल. सोसायटीच्या १०२ सदस्यांपैकी २५ अपात्र आहेत आणि २२ सदनिकांचे व्यवहार बेनामी आहेत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मंत्रिमंडळाने अहवाल फेटाळल्याचेही त्याच दिवशी जाहीर झाले. देशभर टीका झाली, तेव्हा जानेवारीत त्याचा काही भाग स्वीकारण्यात आला.

मुंबईच्या समुद्राचे प्रश्न असे दर डिसेंबरात नागपूरला येतात. १९५३ च्या नागपूर कराराने हे अधिवेशन आपल्या वाट्याला आले. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात, आत मुंबईच्या जमिनीवर भाषणे होतात, आणि आपण नागपूरकर ती पाहुण्यांच्या घरची भांडणे समजून ऐकतो. या अंकाचा मोठा भाग आम्ही शहरांना दिला आहे, त्याचे कारण एवढेच की ती भांडणे आता आपल्या घरची झाली आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘नवीन नागपूर’ला मान्यता दिली. हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) या गावांच्या सुमारे ६९२ हेक्टर जमिनीवर आंतरराष्ट्रीय व्यवसाय आणि वित्तीय केंद्र उभे राहायचे आहे. काम नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. शहराच्या आतही बांधकाम वर चढते आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळजवळ साऱ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि पूर्वी जिथे चौथ्या मजल्यावर गच्ची यायची तिथे आता त्याच्या दुपटी-तिपटीची चर्चा असते. उंच इमारतींना माझा विरोध नाही. उंची आणि गर्दी या वेगळ्या गोष्टी आहेत. तेवढेच चटई क्षेत्र बसके पसरवता येते किंवा उंच नेऊन खाली मैदान मोकळे ठेवता येते. माझी काळजी आहे ती हे सारे कोणाला विचारून आणि केव्हा विचारून ठरते, याची. मुंबईकडे याचा शंभर वर्षांचा अनुभव आहे आणि तो अनुभव फार महागात पडलेला आहे.

सुरुवात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यापासून करावी लागते. १९२० च्या सुमारास त्यांनी बॅकबेचा समुद्र भरून मोठे नवे नगर वसवण्याची योजना हाती घेतली. आठ भागांत भराव टाकायचा होता; खर्च फुगत गेला, काम रखडले, आणि शेवटी त्यातले चारच भाग पुरे झाले. मरीन ड्राइव्ह त्या भरावावर आहे, म्हणून आज ती योजना आपल्याला गोड वाटते. त्या काळी मात्र मुंबईकर तिला लॉइडचा मूर्खपणा म्हणत. खुर्शेद नरिमन या तरुण पारशी वकिलाने कायदे मंडळात आणि वर्तमानपत्रांत त्या कामातला गैरव्यवहार उघडा पाडला. विकास खात्यातल्या हार्वे नावाच्या इंग्रज अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातून निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौरही झाले. ज्या नरिमन पॉइंटवर स्वातंत्र्यानंतर एक्स्प्रेस टॉवर्स आणि एअर इंडियाची इमारत उभी राहिली, ती जागा याच माणसाचे नाव लावते. भरावाला हरकत घेणाऱ्याचे नाव शहराने भरावाच्या टोकाला दिले, ही गोष्ट मला मुंबईच्या मोठेपणाची वाटते. पण हेही खरे की नरिमन बोलू लागले तेव्हा समुद्रात दगड पडायला सुरुवात झालेली होती.

तिथून पुढे हाच क्रम चालत आला आहे. आधी दगड, मग चर्चा. भुलाभाई देसाई मार्गावर ३६ मजल्यांची ‘प्रतिभा’ इमारत बांधून झाली आणि मग मंजुरीपेक्षा चोवीस हजार चौरस फुटांहून अधिक बांधकाम जास्त निघाले. महापालिकेने वरचे आठ मजले पाडायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये तिथेही पाडकामाचा आदेश कायम राहिला. ‘आदर्श’साठी कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची नियोजित रुंदी सुमारे ६१ मीटरवरून सुमारे १८ मीटरवर आणली गेली आणि उरलेल्या पट्ट्यातून इमारतीला जागा झाली. आराखड्यातली एक रेघ सरकली. त्या दिवशी ती कोणाच्या नजरेला आली असती तर पुढचे आयोग, राजीनामे, २०११ चा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा आणि २०१६ चा उच्च न्यायालयाचा पाडकामाचा आदेश, त्याला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, यांतले काहीच घडावे लागले नसते.

गिरण्यांची गोष्ट तर अधिक दुखरी आहे. १९९१ च्या नियमांप्रमाणे बंद गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून जी जमीन रिकामी होणार ती वाटणीतून वगळली गेली. मध्य मुंबईतल्या सुमारे सहाशे एकरांचे भवितव्य त्या बदलाने फिरले. मुंबईला ते उमगले २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या विकायला निघाल्या तेव्हा. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. लालबाग-परळ-लोअर परळमध्ये आज जे टॉवर दिसतात त्यांच्या पायथ्याशी जी मैदाने व्हायला हवी होती, ती त्या चार वर्षांच्या शांततेत गेली. आपणही जुम्मा तलावाकाठची एम्प्रेस मिल पाहिलेली माणसे आहोत. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीच्या जागी आज मॉल आहे. तिथल्या कामगारांच्या मुलांना शहराने त्या जमिनीबद्दल काय विचारले होते?

टॉवरच्या बाजूनेही बोलले पाहिजे, आणि मनापासून बोलले पाहिजे. लॉइड यांच्याच विकास खात्याने, बी.डी.डी.ने, समुद्र भरता भरता वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला कामगारांच्या चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. अशा खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या नव्या टॉवरमधल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. घर ५०० चौरस फुटांचे, संडास घरात. ज्या बाईने चाळीस वर्षे पहाटे रांग लावली तिला चाळीच्या व्हरांड्यातल्या माणुसकीचे गोडवे ऐकवणे मला क्रूर वाटते. लेखकांनी हे फार केले आहे. तिचे प्रश्न वेगळे आहेत: देखभालीचा खर्च दहा वर्षांनी कोण भरणार, लिफ्ट बंद पडली तर म्हातारी सासू खाली कशी उतरणार, खाली मुलांना खेळायला किती जागा उरली? टॉवरवरच्या कोणत्याही चर्चेत हे प्रश्न सर्वांत आधी यायला हवेत. समुद्राच्या देखाव्याबद्दल नंतर बोलता येईल.

आपल्याकडे समुद्र नाही म्हणून भरतीरेषेचा कायदाही नाही. मुंबईला १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरची एक हद्द तरी दिली. ती हद्द पुढे सैल होत गेली, २०१९ मध्ये किनाऱ्यावरचे चटई क्षेत्रही मोकळे झाले, पण वाद घालायला कागदावर रेघ होती. नागपूरचे पाणी तळ्यांत आणि नाल्यांत आहे. त्याची रेघ आपण घरे बांधताना पुसत गेलो.

ती रेघ २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाण्याने स्वतः काढून दाखवली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आपल्या जुन्या पात्रात परत आली. त्या पात्रात आता अंबाझरी ले-आऊट होता, डागा ले-आऊट होता, कॉर्पोरेशन कॉलनी होती. सीताबर्डीवरच्या मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसे दगावली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना तळमजल्यावरून उचलून वर न्यावे लागले. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाने पाण्याची वाट अडवली का, हा वाद मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. ही चर्चा व्हायलाच हवी होती. तिची जागा मात्र स्मारकाचा आराखडा मंजूर होण्याच्या आधी होती, जेव्हा ती करायला एक बैठक आणि पाण्याच्या प्रवाहाचा एक नकाशा पुरला असता.

फुटाळा तलावाचेही तेच झाले. रंगीत कारंजी बसली, प्रेक्षकांची गॅलरी उभी राहिली आणि त्यानंतर आपण न्यायालयात विचारत राहिलो की हा तलाव पाणथळ आहे की नाही. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तलाव मानवनिर्मित असल्यामुळे तो पाणथळ जागांच्या नियमांत बसत नाही. याचिका करणाऱ्या नागरिकांनी वर्षानुवर्षे पदरमोड केली. हरले तरी या शहराने त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्याच निकालात सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व माणसाने बांधलेल्या जलाशयांनाही लागू होऊ शकते, असा विचार आहे. भोसल्यांच्या काळापासून माणसांनी बांधलेल्या तळ्यांवर जगणाऱ्या शहराला तो फार उपयोगी पडणारा आहे.

वेळेवर विचारण्याची सोय कायद्यात आधीपासून आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचना देता येतात. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला तरी कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना निघते आणि एक महिन्याची मुदत असते. हरकत साध्या कागदावर लिहून देता येते, वकील लागत नाही. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, सर्वे नंबरांच्या भाषेत छापली जाते, आणि आपण ती लग्नाच्या जाहिरातींबरोबर उलटून टाकतो. नियमितीकरणाच्या यादीतल्या ५७२ आणि १९०० ले-आऊटमधल्या लोकांना विचारा: एका प्लॉटच्या नियमितीकरणाच्या पत्रासाठी, आर.एल.साठी, नागपूर सुधार प्रन्यासच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात ते त्यांना ठाऊक आहे. कागद वाचायची सवय असलेले ते लोक आहेत. महिन्याभराच्या त्या मुदतीत त्यांचा अनुभव शहराच्या कामी यायला हवा.

हे लिहिताना डोळ्यांसमोर गोधनी आणि लाडगाव आहेत. तिथला शेतकरी सातबारा सांभाळून बसला आहे. जमिनीचा मोबदला, रोख की विकसित भूखंड, हा त्याचा पहिला प्रश्न आहे आणि तो स्वाभाविक आहे. पण शेजारच्या गावांना, हिंगण्याला, आपल्या शहरालाही काही विचारायचे आहे. या केंद्राला पाणी कुठून येणार आणि त्यासाठी कोणाच्या वाट्याचे कमी होणार? काचेच्या भिंतींमागे मे महिन्यातले पंचेचाळीस अंश थंड करायला वीज किती लागणार? पावसाचे पाणी सध्या कोणत्या नाल्यांनी उतरते आणि भराव पडल्यावर ते कोणाच्या शेतात शिरणार? प्राधिकरणाने याची उत्तरे मराठीत, नकाशांसह, तिथल्या ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लावावीत. सुनावणी शहरातल्या वातानुकूलित सभागृहाऐवजी गावात, शेतीची कामे आटोपल्यावर, संध्याकाळी घ्यावी. प्रत्येक हरकतीला कारणासहित लेखी उत्तर द्यावे आणि ते हरकत घेणाऱ्याच्या घरी पोचवावे. या अंकाच्या वाचकांत वास्तुविशारद आहेत, जलतज्ज्ञ आहेत, निवृत्त अभियंते आणि तलाठी आहेत. हिंगण्याच्या रस्त्याने बर्डीहून दुपारच्या बसने गेलात तरी दिवस मावळायच्या आत परत येता येते. नकाशा वाचता येणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन, न येणाऱ्यांशेजारी बसून, तो वाचून दाखवावा.