संगणकाची पेटी आणि कांद्याची चाळ



मुलांच्या शिक्षणासाठी सुटे भाग आणून संगणक जोडून घेणारी घरे आता निफाड-येवल्याकडेही दिसतात. चार पैसे वाचावेत म्हणून कॅबिनेट लहान व स्वस्त घेतले जाते आणि वैशाखात संगणक ऐन अभ्यासात आपोआप बंद पडू लागतो. नवा भाग विकत घेण्याआधी पेटीचे झाकण उघडून पाहा.

कांदा चाळीला आपण खालून वारा का ठेवतो? ऊब आत कोंडू नये म्हणून. इथेही तेच. पुढच्या जाळीतून गार हवा आत यावी, मागच्या पंख्याने गरम हवा बाहेर जावी. लहान पेटीत २४.४ सेंटिमीटर चौरस मायक्रो एटीएक्स बोर्ड मावतो खरा, पण वायरींचा गुंता नेमका वाऱ्याच्या वाटेत येतो. तो बोर्डामागच्या फटीत सारून बांधा. एसएमपीएस तळाशी असेल तर खालची जाळी सतरंजीवर टेकवू नका. पुढे बंद काच असलेली दिखाऊ पेटी मला तरी पटत नाही. जाळीची साधी बरी. ती भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. जाळीत धूळ आणि कांद्याची फोलपटे अडकतात. प्लग काढून महिन्याला मऊ कुंचल्याने झाडा.