घटना वेगळी, निवाडा वेगळा

आपल्या समाजाने शिक्षणासाठी उपसलेल्या कष्टांचा गौरव स्मरणिकेत व्हावा, हे योग्यच आहे. त्यासोबत एका उपेक्षित प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो प्रश्न नैराश्याचा आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा मोडतो. तरीही घरातील कुणाची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, बोलणे खुंटले, तर आपण म्हणतो, 'मन घट्ट कर.' थोडे जाणते असलो तर म्हणतो, 'ध्यानाला बस.' ध्यानाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु ताप चढलेल्याला आपण दवाखान्यात नेतो, मग खचलेल्यालाच केवळ उपदेश का?

नैराश्यावर औषधांप्रमाणेच बोलण्याचेही शास्त्रशुद्ध उपचार आहेत. 'सीबीटी', म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, हा त्यांतील एक प्रमुख उपचार. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात तो विकसित केला. खचलेला माणूस स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी आपोआप काळे निष्कर्ष काढत राहतो, असे त्यांना रुग्णांशी बोलताना आढळले. उपचारात रुग्ण आणि समुपदेशक मिळून ते निष्कर्ष वहीत उतरवतात, त्यांना पुरावा मागतात आणि सुटलेली लहानसहान कामे ठरवून पुन्हा सुरू करतात. (याच्या जवळचे अल्बर्ट एलिस यांचे विवेकनिष्ठ विचार कि. मो. फडके यांच्या लेखनातून मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेत.)

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. डोक्यावरचे कर्ज खरे आहे, पडलेला भाव खरा आहे, जातीवरून महाविद्यालयात झालेला अपमानही खरा आहे. मग हा सारा विचारांचा दोष म्हणायचा काय? मुळीच नाही. तसे म्हणणारा समुपदेशक हा उपचार शिकलेलाच नाही. 'माझा अपमान झाला' ही घटना आहे; 'म्हणून मी कवडीमोलाचा' हा निवाडा आहे. घटनेविरुद्ध तक्रार करावी, संघटित होऊन लढावे. निवाडा मात्र तपासावा, कारण तो अनेकदा अपमान करणाऱ्याचाच असतो आणि आपण तो स्वतःचा समजून वाहत असतो. दहावीत नापास झालेल्या मुलालाही हेच लागू आहे. गुणपत्रिका एका परीक्षेविषयी बोलते, त्याच्या उभ्या आयुष्याविषयी नाही.

'हे शहरातील श्रीमंतांचे उपचार,' असे कुणी म्हणेल. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच कुळातला, कृतीवर भर देणारा उपचार डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत दिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनंतर उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' प्रकल्प राबवला गेला. तेथे आरोग्य कार्यकर्ते घरोघरी गेले, समुपदेशक गावातच भेटू लागले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. गावोगावी मदतीची गरज होतीच, दारापर्यंत कुणी पोहोचले नव्हते इतकेच.

आजार तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधे हवीतच. सेवाग्राम व सावंगी येथील रुग्णालये पुलगावहून दूर नाहीत. परंतु पहिला आधार आपल्यातूनच उभा राहू शकतो. आपले माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, ग्रामसेवक आहेत. त्यांच्यातील काहींनी रीतसर प्रशिक्षण घ्यावे. वसतिगृहात दर आठवड्याला समुपदेशकासाठी एक सायंकाळ राखून ठेवावी आणि तिचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीतून उचलावा, अशी आमची सूचना आहे. तोवर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक भोजनगृहाच्या भिंतीवर, मुलांना जेवताना दिसेल असा, ठळक अक्षरांत रंगवून घ्यावा.