निवेदकाचा व्यवसाय

पुढें कोण होणार, असा प्रश्न वर्गांत निघाला म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर हीं उत्तरें ठरलेलीं असतात. एखादा विद्यार्थी मात्र भीत भीत म्हणतो, “मी रेडिओवर निवेदक होणार,” आणि सारा वर्ग हंसतो. घरीं “बडबडीचे कोणी पैसे देतें काय?” असें ऐकावें लागतें तें निराळेंच. आमच्या मतें हें हंसणें अस्थानीं आहे. निवेदकाचा व्यवसाय मोजून बोलण्याचा व मन लावून ऐकण्याचा आहे, आणि त्याची तयारी शाळेंतच झाली पाहिजे.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें व दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. या व्यवसायांतील अग्रणी म्हणजे अमीन सयानी (१९३२–२०२४). १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘गीतमाले’नें त्यांचें नांव घरोघर पोंचविलें. वास्तविक त्यांचा आरंभ मुंबई नभोवाणीवर इंग्रजी कार्यक्रमांनीं झाला होता. मग सर्वांस आपलीशी वाटणारी ती हिंदुस्तानी त्यांस कोठें मिळाली? त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षर प्रौढांकरितां ‘रहबर’ नांवाचें पत्र काढीत. तें देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे; भाषा मात्र एकच आणि सोपी. त्या कामांत आईस हातभार लावतांना अमीन साधें बोलणें शिकले. कमावलेल्या गळ्याहून ही शिकवण मोठी होय.

दुसरा गुण ऐकण्याचा. २००४ सालीं सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ कार्यक्रमांत आदेश बांदेकर घरोघर जात. पैठणी हें निमित्त. खरी गोष्ट ही कीं, चार माणसांत बोलण्याची संवय नसलेली गृहिणीही या ‘भावोजीं’पाशीं मनमोकळें बोले. दुसऱ्यास बोलतें करावयाचें तर स्वतः गप्प बसण्याची कला हवी.

तिसरा गुण निर्भयपणाचा. २०१७ सालीं एफ.एम.वरील निवेदिका मलिष्का मेंडोंसा यांनीं मुंबईच्या खड्ड्यांविषयीं एक गाणें प्रसिद्ध केलें आणि केवढें वादळ उठलें! विनोदानें बोललेल्या शब्दासही इतकें वजन असेल, तर तो शब्द खरा असण्याची जबाबदारीही तितकीच मोठी.

या व्यवसायांत जागा थोड्या व स्थैर्य कमी, ही पालकांची शंका रास्त आहे. म्हणून शिक्षण अर्धवट टाकून कोणीं या मागें लागावें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु स्पष्ट बोलणें वकिलास, शिक्षकास, दुकानदारास, कोणास नको आहे? सकाळच्या गर्दींत डोंबिवलीच्या स्थानकावर गाडीचा फलाट बदलल्याची सूचना होते, आणि चार शब्दांसरशीं शेंकडों माणसें जिन्याकडे वळतात. तो आवाज अडखळला तर काय अनर्थ होईल!

आतां आमच्याकडे पाहूं. आमच्या वक्तृत्वस्पर्धांत मुलें दुसऱ्याचें लिहिलेलें भाषण पाठ करून हातवारे करितात. याच्या उलट, कल्याणजवळच्या गांवांतून येणारा एखादा मुलगा आपल्या आगरी बोलींत सहज कांहीं सांगूं लागला कीं आम्ही त्यास हंसतों, आणि तो कायमचा मुका होतो. वास्तविक त्याच्यापाशीं जिवंत भाषा आहे; पाठ म्हणणाऱ्यापाशीं केवळ पाठ आहे. हंसून आम्ही एक चांगला निवेदक गमावतों, आणि त्याहूनही वाईट हें कीं, एक मित्र गमावतों.

म्हणून आमची सूचना अशी. पुढील वर्षीं वक्तृत्वस्पर्धेच्या जोडीस पांच मिनिटांचें निवेदन ठेवावें. विद्यार्थ्यानें ठाण्याच्या खाडीवरील कोळीदादांस, स्थानकावरील हमालास किंवा आपल्या आजीस प्रश्न विचारावेत, आणि जें ऐकिलें तें आपल्या शब्दांत वर्गास सांगावें. पाठांतर नको, हातवारे नकोत. बोली कोणतीही चालेल. गोष्ट खरी असावी व शेवटच्या बाकापर्यंत समजावी, एवढीच अट.

यांतून सर्वच निवेदक होणार नाहींत, हें उघड आहे. परंतु भीत भीत बोलणारा तो विद्यार्थी पुन्हां तोंड उघडील, आणि त्या वेळीं हंसण्याऐवजीं आम्ही ऐकूं. एवढें झालें तरी पुष्कळ झालें.