कागदावरचा उठाव

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक लहानसा उद्योग झाला. त्याचें वृत्त या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. उद्योग क्षुल्लक आणि साधनें घरांतलींच; परंतु त्यांतून जें शिकावयास मिळालें तें इतक्या वर्षांच्या अध्यापनांतहि आमच्या ध्यानीं आलें नव्हतें.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचीं आमंत्रणें स्वहस्तें करावयाचीं, असें आमच्या नातीनें मनांत घेतलें. हल्लीं कागदावर नक्षीचा उठाव आणणारे धातूचे व प्लॅस्टिकचे साचे बाजारांत मिळतात, आणि त्यांस दाब देणारें हातानें फिरविण्याचें यंत्रहि मिळतें. त्याची किंमत ऐकून सूनबाईंनीं मुलीकडे पाहिलें व मुलीनें आमच्याकडे. आम्हीं म्हटलें, "बाळ, साचा म्हणजे तरी काय? जाड पुठ्ठ्याला पाडलेलें नक्षीदार भोंक. तें आपण घरींच पाडूं." ही कला आपल्याकडे नवी नव्हे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादींत 'विशेषकच्छेद्य' नांवाची एक कला आहे. भूर्जपत्रासारखीं पानें नक्षीनें कापून कपाळीं लावावयाचे तिलक तयार करणें, असा तिचा अर्थ टीकाकार यशोधर सांगतो.

ज्यांस करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं कृति देतों. जुन्या वह्यांचा पुठ्ठा घ्यावा. जाडी सुमारें एक मिलिमीटर असावी. कमी भरल्यास दोन पुठ्ठे खळीनें चिकटवून रात्रभर वजनाखालीं ठेवावे. त्यावर नक्षी काढून ती धारदार कटरनें कापून टाकावी. वळण आलें म्हणजे पातें न वळवितां पुठ्ठा फिरवावा, म्हणजे कड तुटक येत नाहीं. 'व' अक्षराच्या पोटासारखा बंदिस्त भाग नक्षींत असेल, तर कापतांच मधला तुकडा गळून पडतो. म्हणून तेथें एकदोन बारीक दुवे राखावे.

तयार साचा उजेडाच्या खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीनें बसवावा व त्यावर कागद लावावा. नक्षी कागदांतून दिसूं लागते. मग शाई संपलेल्या बॉलपेनानें किंवा विणकामाच्या सुईच्या बोथट टोकानें नक्षीच्या कडेकडेनें दाबीत जावें. आधीं हलक्या हातानें, मागाहून जोरानें. मधला भाग घासण्याचें कारण नाहीं. उठाव कडेनेंच येतो. दाबावयाच्या बाजूवर मेणबत्तीचा तुकडा अगोदर फिरविला असतां टोक अडखळत नाहीं. कागद दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास असावा. पातळ कागद फाटतो व फार जाड दबत नाहीं. हातकागद मिळाल्यास उत्तम, कारण त्याचे तंतु ताण सोसतात. आपल्या मराठवाड्यांत दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यांत हा कागद बनविण्याची परंपरा फार जुनी आहे. आणखी एक सूचना: उठाव आधीं घ्यावा आणि बाहेरचा आकार कात्रीनें नंतर कापावा. क्रम उलटला तर लहान तुकडा दाबाखालीं सरकतो.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या वडील भगिनी, ज्यांस सारें घर आक्का म्हणतें, त्या आमच्याकडेच असतात. त्यांनीं अविवाहित राहून आयुष्यभर कन्याशाळेंत शिकविलें. काचबिंदूनें त्यांची दृष्टि तीन वर्षांपूर्वीं पूर्ण गेली. त्याआधीं चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणांतलें चैत्रांगण त्यांच्या हातचें असे. झोपाळ्यावरची गौर, शंख, चक्र, गोपद्में, कासव, नाग, हें सर्व त्या एका बैठकींत काढीत, आणि शेजारच्या मुली पाहावयास येत. दृष्टि गेल्यावर त्या हळदीकुंकवाच्या दिवशीं माजघरांतून बाहेर येईनाशा झाल्या. घरांत त्यांस कोणी उणें बोलत नव्हतें. पण कोणी कांहीं विचारीतहि नव्हतें, आणि त्यांत आम्हीहि होतों.

नातीनें स्वस्तिकाचा साचा कापून तीस पत्रिका दाबल्या. आम्ही सर्वांनीं वाखाणल्या. मग ती धांवत माजघरांत गेली आणि एक पत्रिका आक्कांच्या हातीं देऊन म्हणाली, "आक्काआजी, बघ!" तो शब्द ऐकून सूनबाईंनीं तिला डोळ्यांनीं दटाविलें. आक्कांनीं मात्र कागदावरून बोट फिरविलें, पुन्हां एकवार फिरविलें, आणि म्हणाल्या, "अगं, स्वस्तिक उलटं आलंय की!"

आम्हीं चष्मा लावून पाहिलें. उजवीकडे वळावयाचे हात खरोखरच डावीकडे वळले होते. घरांतील सहा डोळस माणसांपैकीं एकाच्याहि तें लक्षांत आलें नव्हतें. कारण उघड होतें. आपण दाबतों मागून आणि उठाव येतो पुढें. म्हणून मागून सुलट दिसणारी नक्षी पुढून उलट होते. यास्तव साचा काचेवर नेहमी पालथा बसवावा. आमच्या तीस पत्रिका वाया गेल्यावर हा नियम आम्हांस कळला. वाचकांच्या तरी जाऊं नयेत.

त्यानंतर आक्कांनीं एकेक साचा मागवून घेतला. गोपद्म त्यांनीं तत्काळ ओळखलें. कमळाविषयीं म्हणाल्या, "पाकळ्या एवढ्या जवळ नकोत, बोटाला सगळं एकच लागतं." 'श्री' मात्र त्यांस उमगेना. यांत नवल नाहीं. पॅरिसमध्यें व्हॅलेंतीन आउई यानें अंधांसाठीं शाळा काढली, तेथें नेहमींचींच अक्षरें उठावानें छापीत. तीं बोटांनीं वाचणें फार सावकाशीचें होई. त्याच शाळेंतील लुई ब्रेल या विद्यार्थ्यानें १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. आपल्या देशांतील भाषांसाठीं तिचें समान रूप १९५१ सालीं ठरलें. ही लिपि पाटीवर हातानें लिहितांनाहि मागूनच टोंचतात, आणि म्हणून उजवीकडून डावीकडे लिहितात. आमच्या नातीची चूक ज्या नियमाच्या अज्ञानानें झाली, तोच नियम पाळून अंध मुलें रोज अक्षर गिरवितात.

नव्या तीस पत्रिका झाल्या. 'श्री' वगळून त्याच्या जागीं टिंबांचें कमळ घातलें. प्रत्येक पत्रिका आक्कांच्या बोटांखालून गेली. चार त्यांनीं नापसंत केल्या व त्या पुन्हां कराव्या लागल्या. हळदीकुंकवाच्या दिवशीं त्या ओसरीवर बसल्या होत्या. भोंवतीं आठदहा मुली जमल्या होत्या, आणि पत्रिकेवरचें कोणतें चिन्ह कशाचें, हें त्या पूर्वींच्याच मास्तरीण आवाजांत सांगत होत्या. आंब्याची डाळ संपली तरी मुली उठल्या नाहींत.

पुढील चैत्रासाठीं साऱ्या चैत्रांगणाचे साचे करावयाचे ठरलें आहे. प्रारंभ कासवापासून व्हावा, अशी आक्कांची आज्ञा आहे. वाचकांच्या घरींहि माजघरांत बसून राहिलेलें असें कोणी वडीलधारें माणूस असेल, तर त्यांनीं जुन्या वह्यांचे पुठ्ठे रद्दींत घालूं नयेत, एवढीच आमची विनंति आहे.