नळी परळला, घर डोंगरात

तान्ह्या मुलाच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत बसवलेली नळी आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. सुकलेल्या कफाचा एक खडा ती बंद करतो आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. ती बसवण्याची शस्त्रक्रिया मुंबईत, परळच्या मोठ्या रुग्णालयात होते. नळी तुंबते ती कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीत, कितीतरी किलोमीटर दूर, अपरात्री. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, हे राज्याला जुलै २०२३च्या दरडीनंतर कळलं. अशा वाडीत १०८ची रुग्णवाहिका वेळेत पोचणार कशी? म्हणून कफ ओढणारं, विजेविना चालणारं यंत्र, जादा नळी आणि एक माप लहान नळी हाती दिल्याशिवाय, ती बदलायला आईला शिकवल्याशिवाय मुलाला घरी धाडूच नये. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातही या मापांच्या नळ्या हव्यात; त्या बसवणारे हात रात्रपाळीलासुद्धा.