राज्याचा हिशेब कोण मांडणार?



धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून देव्हारे गेले आणि त्या जागी ग्रंथ आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. ग्रंथांबरोबर शिक्षणाचा ध्यासही आला. परंतु मुलाने पदवी घेतल्यानंतर पुढे काय शिकावे, असा प्रश्न निघाला की आपल्या घरांत दोनच उत्तरे ऐकू येतात. एक, ‘स्पर्धा परीक्षेला बैस’; आणि दुसरे, ‘बाबासाहेबांसारखा वकील हो’. मी स्वतः त्या दुसऱ्या उत्तराचे फळ आहे. म्हणूनच एक तिसरे उत्तर आपणांपुढे ठेवण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो. आपल्या काही मुलामुलींनी सार्वजनिक धोरण या विषयाची पदव्युत्तर पदवी घ्यावी, हे ते उत्तर होय.

सार्वजनिक धोरण म्हणजे काय? शासन कोणते काम हाती घेते, त्यावर कोणाचा किती पैसा खर्च करते, ते काम कोणावर सोपविते आणि त्याचे फळ अखेर कोणाच्या पदरात पडते, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास. साधारणतः दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा, प्रशासन, अंदाजपत्रकाचे वाचन आणि योजनांचे मूल्यमापन शिकविले जाते.

याची गरज मला एका पक्षकाराने शिकविली. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली नाही म्हणून एका महाविद्यालयाने तिची गुणपत्रिका अडवून ठेवली होती. मी नोटीस धाडली आणि गुणपत्रिका मिळाली. त्या गृहस्थांनी आभार मानले, पण जाता जाता विचारले, “वकीलसाहेब, पैसे वेळेवर द्यायचे की नाही, हे नेमकं ठरवतं कोण?” माझ्या कायद्याच्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी एका मुलीची गुणपत्रिका सोडविली होती. तिच्यासारख्या हजारोंची का अडते, हे मला ठाऊक नव्हते.

पुढे शोध घेतला तेव्हा कळले की, उत्तर एका हिशेबाच्या सूत्रात दडले होते. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली; त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. नंतरच्या काळात या योजनेच्या खर्चाची वाटणी अशी झाली की, पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी जेवढा खर्च होईल तेवढा भार पुढे राज्यांनी सोसावा आणि त्यावरील रक्कम तेवढी केंद्राने द्यावी. बारावी योजना २०१७ साली संपली आणि राज्यांवरील भार एकदम वाढला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचा वाटा वर्षाला सुमारे १,१०० कोटी रुपयांवर आला होता. राज्यांची तिजोरी आखडली की विद्यार्थ्याचे पैसे अडत. अखेर डिसेंबर २०२० मध्ये हे सूत्र बदलले आणि केंद्राने ६० टक्के व राज्याने ४० टक्के द्यावे, असे बहुतेक राज्यांसाठी ठरले. कायद्याचे एकही कलम न बदलता, केवळ वाटणीच्या एका रेषेने लाखो मुलांचे शिक्षण हेलकावे खात होते.

आता स्मरण करा. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी व्हावी, हा विषय आपणांस नवा आहे काय? १९२१ साली लंडनमध्ये बाबासाहेबांनी एम.एस्सी.साठी जो प्रबंध लिहिला, तो याच विषयावर होता. त्यापूर्वी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था तपासली होती. १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नाची चिकित्सा केली. बॅरिस्टरीचा अभ्यास त्यांनी याच्या जोडीने केला. आपण मात्र त्यांचा बॅरिस्टरचा झगा तेवढा उचलला आणि हिशेबाची वही त्यांच्या मेजावर तशीच राहू दिली. यात आम्हा वकिलांचा दोष अधिक आहे.

धर्मांतराने आपणांस हाच धडा फार महागात शिकविला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींची मर्यादा हिंदू धर्मापुरती ठेवली होती. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी नागपुरास दीक्षा घेतलेले आपले लोक मात्र बाहेर राहिले. महाराष्ट्राने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द येण्यास १९९० साल उजाडले. एका शब्दासाठी ३४ वर्षे! ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे, त्यांच्या मुलांचा दाखला आज ज्या शब्दावर उभा आहे, तो हा शब्द होय. तो मिळाला तो चळवळीमुळे. परंतु मोर्चा दार उघडतो. आत मेजावरील कागदात कोणता शब्द कोठे बसवावा, हे जाणणारा आपला माणूसही तेथे लागतो.

अशी माणसे नसली म्हणजे काय होते, हे २०२२ सालीही दिसले. परदेशातील शिक्षणासाठी केंद्र सरकार जी राष्ट्रीय शिष्यवृत्ती देते, तिच्या त्या वर्षीच्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातील समाजविषयक संशोधन वगळण्यात आले. १९१६ साली कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचणाऱ्या तरुणास हा नियम लावला असता, तर त्याला शिष्यवृत्ती नाकारावी लागली असती!

कोणी म्हणेल, न्यायालये आहेत ना? आहेत, आणि त्यांचे मोल मी जाणतो. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले; २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. परंतु न्यायालय बोलते ते माणूस मेल्यानंतर. त्याला गटारात उतरावेच लागू नये म्हणून जे यंत्र घ्यावयाचे, ते नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात असते किंवा नसते. ते पान मंजुरीपूर्वी वाचून उभा राहणारा माणूस आपणांस हवा आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप नोकरीचा. या पदवीला वकिलाच्या सनदेसारखा हमखास आधार नाही, हे मी लपवीत नाही. शासनाचे सल्लागार विभाग, संशोधन संस्था, लोकप्रतिनिधींची कार्यालये, सामाजिक संघटना, वृत्तपत्रे येथे कामे मिळतात. ती पुष्कळदा मुदतीची असतात. म्हणून ज्या घरात कमावता हात एकच आहे, त्या घराने आधी पोटापाण्याची सोय पाहावी. दुसरा आक्षेप खर्चाचा. खाजगी विद्यापीठांची फी डोळे पांढरे करणारी असते आणि तेथे आरक्षण असेलच असे नाही. घर गहाण टाकून अशी पदवी घेऊ नये. आधी सार्वजनिक संस्था पाहाव्यात. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाच्या नावातच आज सार्वजनिक धोरण आहे. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने २०१४ साली या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू केली. नुसता कायदा पुरत नाही, हे कायद्याच्या विद्यालयानेच ओळखले. परदेशी जाण्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. तिच्या अटी दरवर्षी मूळ जाहिरातीत वाचाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. असे शिकलेला मुलगा आकड्यांत रमेल आणि वस्ती विसरेल, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय शिक्षण टाळणे हा नव्हे. प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड हवी, ही भगवान बुद्धाची शिकवण आहे आणि ती जोड देण्याचे काम विद्यापीठ करणार नाही. ते घराने आणि विहाराने करावयाचे आहे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. ज्या घरात पदवीधर मुलगा वा मुलगी आहे, त्या घराने या विषयाचा एकदा विचार करावा. प्रत्येक विहारात वर्षातून एक दिवस तरी आपल्या ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे अंदाजपत्रक मोठ्याने वाचले जावे. कोणत्या मुलाचे डोळे त्या आकड्यांवर खिळतात, ते वडीलधाऱ्यांनी पाहावे. पुतळ्याच्या हातातील संविधानाला आपण रोज वंदन करतो. त्या संविधानातील हक्कांना पैसा कोठून येतो आणि कोठे अडतो, हे सांगणारी एक पिढी आता घडवावयास हवी.

जय भीम!