हिशेब कॉम्प्युटरवर नेताय? आधी रकाने ठरवा

फुलपाड्यातल्या तुमच्या सोसायटीचा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर न्यायचं ठरलं असेल. कुणाची तरी कॉलेजातली मुलगी म्हणाली असेल, ‘काका, मी प्रोग्रॅम करून देते.’ अवश्य करू द्या. पण त्याआधी कमिटीने एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

ती मुलगी अ‍ॅरे आणि मॅट्रिक्स म्हणेल. बिचकू नका. एका ओळीत ओळीने ठेवलेले आकडे म्हणजे अ‍ॅरे. अशा ओळी एकाखाली एक रचल्या की मॅट्रिक्स. यंत्राला फक्त जागा कळते: कितवी ओळ, कितवा रकाना. त्या जागेवरचा आकडा कशाचा, ते तुम्हीच ठरवायचं.

तेव्हा आधी हे ठरवा. एक ओळ म्हणजे एक सदनिका. पहिला रकाना नळ किती, दुसरा सेवाशुल्काचा वाटा, तिसरा गाड्या किती.

नळ कशाला, असं कुणीतरी विचारेलच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा असतो. सेवाशुल्क मात्र सगळ्यांना सारखं. पापडखिंड धरण शेजारी असलं तरी टँकर मागवावा लागला, तर तो खर्च कुणावर किती टाकायचा यावरून जिन्यात आवाज चढतातच. म्हणून हा रकाना आधी भरा. घरोघरी जाऊन, नळ मोजून.

आता दर. समजा सगळे नळ सारखे, दर नळामागे 60 रुपये, सेवाशुल्क 450, गाडीमागे 100. एका घरात 4 नळ, 1 वाटा, 1 गाडी. प्रोग्रॅम त्या ओळीतला एकेक आकडा त्याच्या दराने गुणतो आणि बेरीज करतो: 240, 450, 100. एकूण 790.

दरांची यादी उलट क्रमाने भरली गेली तर? नळाला 100 लागतात, गाडीला 60. बिल 910. त्या कुटुंबाला दरमहा 120 रुपयांचा भुर्दंड आणि यंत्र हूं की चूं करणार नाही. जागा भरलेल्या आहेत, त्याचं काम झालं. म्हणून रकान्यांचा आणि दरांचा क्रम एकच ठेवा आणि मध्येच बदलू नका.

मोजणीचंही जरा बघा. सी, जावा, पायथन या भाषांत मोजणी शून्यापासून होते. मजल्यांचं तुम्हाला नवल वाटणार नाही, तळमजला शून्यच असतो. गडबड दारांची होते. 203 म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं तिसरं दार. यंत्राच्या लेखी मजला 2 आणि दारही 2, कारण पहिलं दार शून्य. इथे एकाची चूक झाली की शेजाऱ्याचं बिल तुमच्या हाती.

रिकामी जागा आणि शून्य यांत फरक ठेवा. गाडी नाही, तर 0 लिहा. नळ मोजायचे राहिले, तर जागा रिकामी सोडा आणि ती भरल्याशिवाय बिल काढू नका. आकड्यांच्या जागी ‘बाकी’, ‘नंतर देतो’ असं लिहू नका. एक्सेल तसले शब्द बेरजेत धरत नाही आणि सांगतही नाही.

नावं अकारविल्हे लावायची हौस असेल तर पूर्ण तक्ता निवडून लावा. नुसता नावांचा रकाना हलवला, तर थकबाकी जागच्या जागी राहते आणि माणसं बदलतात.

शेवटी ओळी मोजा. वीस सदनिका, तर वीसच ओळी. हसू नका. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये जवळपास 16,000 कोरोनारुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलीत 65,536 ओळींपलीकडे काही मावत नाही, जास्तीचं बाहेर राहिलं. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. एवढ्या मोठ्या यंत्रणेत हे होतं.

पहिले तीन महिने वहीही चालू ठेवा. दर महिन्याला कुठल्याही दोन घरांची बिलं खजिनदारांनी हाताने करून ताडून पाहावीत.

आणि रकान्यांचा क्रम त्या मुलीकडून कागदावर लिहून घ्या. तिला उद्या पुण्यात नोकरी लागेल. तो कागद सोसायटीच्या दप्तरात, सेक्रेटरींच्या ताब्यात राहू द्या.